पालथा वाडगा

आपल्याकडे पालथ्या घड्यावर पाणी ओतणे म्हणजे फुकटचे श्रम. हा वाक्प्रचार रूढ करणाऱ्यांना चिनी मातीच्या जुन्या भांड्यांचे संग्राहक भेटलेले नसावेत. ही मंडळी भांडे हातात आले की आधी ते पालथे करतात. नक्षी, रंग, घाट यांची वाहवा नंतर, आधी बूड. तुमच्या घरी चिनी मातीची बशी किंवा लोणच्याची बरणी असेल, तर तीही रिकामी असताना एकदा पालथी करा आणि बुडावरून बोट फिरवा. बाकीचे भांडे गुळगुळीत असले, तरी बुडाचे कडे बहुधा खरखरीत लागेल. तेथे झिलई नसते. भांडे भट्टीत ज्या कड्यावर टेकते, तेथे झिलई ठेवली तर ती वितळून भांडे खालच्या आधाराला कायमचे चिकटेल. म्हणून कारागीर ती तेवढ्यापुरती पुसून काढतो. साऱ्या भांड्याची माती उघडी दिसते ती त्या एवढ्याशा जागेत.

हे मी उशिरा शिकलो, आणि त्या शिक्षणाची फी आमच्या घराच्या छपराने भरली. ती हकीकत तुम्हांला सांगायची आहे.

मी व्यापारी जहाजांवर इंजिनरूममध्ये फिटर होतो. रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे घर मातीच्या भिंतींचे आणि मंगलोरी कौलांचे. दहावीनंतर थांबलेले माझे शिक्षण पन्नाशी उलटल्यावर पुन्हा सुरू झाले. तुमच्यापैकी अनेकांप्रमाणे मीही दिवसाची कामे आटोपून रात्री पुस्तके उघडली आहेत. तेव्हा जुन्या वस्तूंचा संग्रह हा श्रीमंतांचा शौक, असे जे तुमच्या मनात आले असेल, ते माझ्याही मनात होते. आज माझ्याकडे अकरा नग आहेत. त्यांतले सात फुटलेले आहेत. पण मी सांगणार आहे ते पहिल्याबद्दल.

१९८३च्या डिसेंबरात आमचे जहाज हाँगकाँगला लागले. माझा करार संपत आला होता आणि महिनाभरात घरी परतायचे होते. बंदरापासून चढण चढत गेले की हॉलिवूड रोड हा जुन्या वस्तूंच्या दुकानांचा रस्ता लागतो. त्याच्या जवळच एक अरुंद गल्ली आहे, अपर लास्कर रो. लास्कर म्हणजे इंग्रजांच्या जहाजांवर राबणारे आपल्याकडचे खलाशी. एकोणिसाव्या शतकात ते या भागात वस्तीला असत, म्हणून गल्लीला त्यांचे नाव. शंभर वर्षांपूर्वी आपल्यासारखाच कोणी येथे पाय ओढत फिरला असेल, या विचाराने मला त्या गल्लीत उगीचच घरच्यासारखे वाटले. तिचे दुसरे नाव कॅट स्ट्रीट. चोरीच्या मालाला तेथे उंदरांचा माल म्हणत आणि तो हुंगत येणाऱ्या गिऱ्हाइकांना मांजरे, असे सांगतात. त्या दुपारी मी स्वतःला मांजर समजत होतो.

एका दुकानात तो वाडगा दिसला. दोन्ही तळहातांच्या ओंजळीत मावेल एवढा, पांढऱ्या अंगावर निळ्या कमळवेलीची नक्षी असलेला. माझी आजी बाजारात माठ घेताना प्रत्येक माठाला टिचकी मारून कानाशी धरायची. बद्द आवाज आला की माठाला कोठेतरी तडा आहे असे समजून पुढे सरकायची. इंजिनरूममध्ये मीही ओतीव भाग हातोडीने ठोकून असाच पारखत असे. मी वाडग्याला टिचकी मारली. आवाज लांब, स्वच्छ, हळूहळू विरत जाणारा. मग दुकानदाराने तो माझ्या हातून घेऊन पालथा केला. बुडावर निळ्या रंगाची दोन वर्तुळे होती आणि त्यांच्या आत सहा चिनी अक्षरे. त्याने एका जाड पुस्तकात तीच अक्षरे दाखवली. अर्थ असा, की थोर मिंग वंशातील छंगहुआ राजवटीत घडवलेले. छंगहुआ सम्राटाची कारकीर्द १४६५ ते १४८७. बिदरला महमूद गावानाचा मदरसा उभा राहिला तो हाच काळ.

माझ्या खिशात तेव्हा चार महिन्यांची बचत होती. ती कशासाठी होती तेही सांगितले पाहिजे. बाबांचे पत्र आले होते : माजघरावरच्या वाशांना वाळवी लागली आहे, पुढच्या पावसाळ्याआधी वासे आणि रिपा बदलल्या नाहीत तर छप्पर खाली येईल. मी निम्म्याहून अधिक पैसे त्या दुकानात मोजले. सौंदर्याने वेडा झालो होतो असे आज म्हणता आले असते, पण ते पुरते खरे नाही. पाचशे वर्षांची वस्तू मुंबईत विकली तर छप्परच काय, नवे घर उभे राहील, असा हिशेब मी गल्लीतून उतरताना तीनदा केला होता.

घरी आल्यावर बाबांनी वाडगा हातात घेतला, फिरवला आणि विचारले, “यात काय ठेवायचं?” मला उत्तर सुचले नाही. उरलेल्या पैशांत स्वयंपाकघर आणि देवघर यांवरचे वासे बदलून झाले. माजघर राहिले.

जूनमध्ये पाऊस धरला. एके रात्री माजघर चार-पाच ठिकाणी गळू लागले. आईने कंदील लावून भांडी मांडायला घेतली : टोप, पातेले, कळशी, घमेले. भांडी संपली आणि एक ठिबक उरली. तिने फडताळातून माझा वाडगा काढला आणि सारवलेल्या जमिनीवर त्या ठिबकीखाली ठेवला. मी अंथरुणात उठून बसलो, पण तोंडातून शब्द निघाला नाही. अॅल्युमिनियमच्या टोपात थेंब पडला की पत्र्याचा रुक्ष आवाज येई. वाडग्यात मात्र तो घुंगरू वाजावे तसा वाजे. पाणी चढत गेले की तो आवाज बुजे. मग आई उठून वाडगा रिता करी आणि घुंगरू पुन्हा सुरू होई. त्या अंधारात बाबाही जागे होते हे मला कळत होते. तेही काही बोलले नाहीत.

पुढच्या करारावर जाताना वाडगा लोकरी स्वेटरात गुंडाळून मी बरोबर घेतला. त्या जहाजावर मुंबईचा एक पारशी सेकंड ऑफिसर होता. त्याच्या पूर्वजांनी चीनशी व्यापार करताना आणलेली भांडी त्याच्या घरी अजून कपाटात होती. तो म्हणाला, “अरे, या विषयातला सगळ्यांत मोठा जाणकार आपल्या मुंबईचा. लंडनला गेलास तर त्याचं घर बघ.”

१९८५च्या जानेवारीत आमचे जहाज टिलबरीला लागले आणि मला एक दिवसाची सुट्टी मिळाली. गॉर्डन स्क्वेअरमधील ५३ क्रमांकाचे घर मी विचारत विचारत शोधले. पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ सालचा, मुंबईतला. कुटुंब बगदादी ज्यूंचे. वडील सर ससून डेव्हिड हे बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. पैशाला तोटा नव्हता हे उघड आहे. पण पैसेवाले पुष्कळ असतात. या गृहस्थाने चिनी भाषा शिकून घेतली, आणि १३८८ साली त्साओ चाओ याने जुन्या वस्तूंच्या पारखीवर लिहिलेला चिनी ग्रंथ इंग्रजीत आणला. तो अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ साली छापला गेला. जमवलेली भांडी त्यांनी १९५० साली लंडन विद्यापीठाला देऊन टाकली. गॉर्डन स्क्वेअरचे ते घर २००७ साली बंद झाले; आता हा संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये एका स्वतंत्र दालनात पाहायला मिळतो.

त्या घरात मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो तो दोन फुलदाण्यांपुढे. दोन फुटांहून किंचित उंच, निळ्या-पांढऱ्या, अंगावर ड्रॅगन आणि गळ्याशी हत्तीच्या मस्तकांचे कान. जगभरचे अभ्यासक त्यांना डेव्हिड फुलदाण्या म्हणून ओळखतात. त्यांचे मोल सौंदर्यापेक्षा त्यांच्या गळ्यावरच्या लेखात आहे. झांग वेनजिन नावाच्या एका भाविकाने हा लेख लिहवून घेतला आहे. तो म्हणतो, की एक धूपपात्र आणि फुलदाण्यांची जोडी मी मंदिरातील देवापुढे अर्पण करीत आहे. माझ्या साऱ्या कुटुंबाचे रक्षण व्हावे, मुलाबाळांना शांती लाभावी. त्याने तिथीही घातली आहे, आणि ती आपल्या कालगणनेत १३५१ सालची येते.

या एका तारखेने केवढी उलथापालथ केली पाहा. चौदाव्या शतकात, म्हणजे मिंग वंश गादीवर येण्यापूर्वीच्या मंगोल अमदानीत, इतके सफाईदार निळे-पांढरे काम होत असेल यावर बहुतेकांचा विश्वास नव्हता. अशी भांडी सर्रास नंतरच्या काळातली मानली जात. १९५०च्या दशकात जॉन पोप या अमेरिकी अभ्यासकाने इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील आणि इराणमधील अर्दबिलच्या संग्रहातील भांडी या जोडीशी ताडून पाहिली आणि चौदाव्या शतकातील भांड्यांचा एक अख्खा गट वेगळा काढून दाखवला. आपल्या दिल्लीत, फिरोजशाह कोटल्याच्या परिसरातही त्या काळच्या चिनी भांड्यांचे तुकडे निघाले आहेत. माती जिआंगशी प्रांतातली, निळ्या रंगासाठी लागणारा कोबाल्ट इराणकडून आलेला आणि जेवणारे दिल्लीचे सुलतान.

फुलदाण्यांची ही जोडी फुटून दोन वेगळ्या मालकांकडे गेली होती. डेव्हिड यांनी ती पुन्हा एकत्र आणली. धूपपात्र मात्र हाती लागलेले नाही. एका बापाने मुलाबाळांसाठी देवाला दिलेली वस्तू परक्या शहरात काचेआड उभी आहे, हे पाहताना मला माझे माजघर आठवले. माझ्या बापाने पत्रात काही निराळे मागितले नव्हते.

तेथे काम करणाऱ्या एका बाईंना मी धीर करून स्वेटर उघडून दाखवला. त्यांनी नक्षीकडे पाहिलेसुद्धा नाही. वाडगा पालथा केला, बुडाच्या कड्यावरून अंगठा फिरवला, खिडकीशी नेऊन भिंग लावले. मग माझ्याकडे वळून अगदी सौम्यपणे सांगितले, की हे भांडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे, फार तर विसाव्याच्या सुरुवातीचे, रोजच्या जेवणातले आहे. कडे ज्या घाईने कापले आहे ते त्यांनी दाखवले. निळा रंग सगळीकडे सारखा आणि सपाट आहे ते दाखवले. सहा अक्षरे लिहिणाऱ्याचा हात सराईत होता, पण तो एकामागून एक शेकडो बुडांवर तीच अक्षरे ओढत होता, हेही त्या रेषांतून दिसत होते.

“म्हणजे हे खोटे?” मी विचारले.

त्यांनी मान हलवली आणि मला जे समजावले, ते पुढे वाचून मी पक्के केले. छंगहुआ काळातील भांड्यांची कीर्ती एवढी, की नंतरच्या कारागिरांनी आपल्या भांड्यांवर त्या सम्राटाचे नाव घालण्याची चालच पडली. सतराव्या-अठराव्या शतकातील कांगशी राजवटीतली उत्तम भांडीही छंगहुआचे नाव मिरवतात. यात फसवणुकीइतकाच पूर्वजांविषयीचा आदर आहे. उलट, जिवंत सम्राटाचे नाव घालण्याला १६७७ साली जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने बंदी केली होती. भांडे फुटून नाव उकिरड्यात पडले तर अवमान होईल म्हणून. तेव्हा काही कारागिरांनी बुडावर दोन वर्तुळे काढून मधली जागा कोरी सोडली. अशी नावावाचून राहिलेली वर्तुळे असलेली भांडी मी नंतर पाहिली आहेत, आणि का कोण जाणे, मला ती लेख असलेल्यांपेक्षा अधिक बोलकी वाटतात.

परतताना आगगाडीत मी त्या दुकानदाराला मनातल्या मनात सगळ्या शिव्या देऊन झालो. टिलबरी आले तेव्हा एवढेच उरले, की पुस्तक त्याने उघडले होते, पण हिशेब मी केला होता.

तरी वाडगा मी समुद्रात टाकला नाही. उलट, तो कोणी केला असेल याचा शोध मला लागला. जिंगदेझेन हे चीनमधले शहर हजार वर्षांपासून हेच काम करीत आले आहे. शहराचे नावच १००४ ते १००७ या काळातल्या जिंगदे राजवटीवरून पडले. जवळच्या गावलिंग टेकडीच्या पांढऱ्या मातीला जग केओलिन म्हणते. ही माती आणि कुटलेला एक प्रकारचा दगड यांचे मिश्रण सुमारे १३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवले, की ते काचेसारखे घट्ट होते आणि टिचकीला तसे वाजते. अठराव्या शतकाच्या आरंभी तेथे राहिलेल्या दांत्रकोल या फ्रेंच धर्मोपदेशकाने १७१२च्या पत्रात लिहून ठेवले आहे, की एक भांडे पुरे होईपर्यंत सुमारे सत्तर जणांच्या हातांतून जाते. एक जण नुसती काठाची रेघ ओढतो, दुसरा फुलाची बाह्यरेषा काढतो, तिसरा तीत रंग भरतो. मी आयुष्यभर इंजिनाचे सुटे भाग बसवले, अख्खे जहाज कधी बांधले नाही. मला ही माणसे लगेच ओळखीची वाटली. माझ्या वाडग्यावरच्या कमळवेलीत एका पानाची बाह्यरेषा आहे, पण आत निळा रंग भरायचा राहून गेला आहे. तेथे त्या दिवशी कोणी हाक मारली असेल, किंवा दिवेलागण झाली असेल.

त्यानंतर मी घेतले ते मुख्यत्वे फुटके. संग्रह करू पाहणाऱ्या कमी पगाराच्या माणसाला मी आजही हेच सांगेन. फुटलेला काठ म्हणजे बुडाच्या कड्यासारखीच उघडी जागा. मातीचा पोत, झिलईची जाडी, दोन्ही जेथे मिळतात ती रेघ, सारे तेथे दिसते. खोटा जुनेपणा चहाच्या पाण्याने, धुराने, आम्लाने किंवा महिनाभर जमिनीत पुरून आणता येतो, पण तो पृष्ठभागावरचा असतो. आणि चांगले पाहायचे असेल तर लंडनलाच जायला हवे असे नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी-जपानी भांडी आहेत. तेथे भांडी पालथी करता येत नाहीत, एवढीच अडचण.

खरा छंगहुआ म्हणजे काय चीज आहे, हे सांगायचे राहिले. २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात त्या काळचा, कोंबडा-कोंबडी आणि पिलांचे चित्र असलेला, मुठीत मावणारा एक पेला २८ कोटी हाँगकाँग डॉलरांहून अधिक किमतीला गेला. घेणाऱ्याने त्यातून चहा प्यायला, म्हणून त्याच्यावर पुष्कळ टीका झाली. मला त्याचे काही चुकले असे वाटत नाही.

१९८६ साली मी रजेवर असताना मुंबईचे एक ओळखीचे गृहस्थ घरी आले. त्यांना जुन्या वस्तूंचा नाद होता. फडताळातला वाडगा त्यांनी स्वतःच काढला, पालथा केला, अक्षरे ओळखली आणि मला आकडा सांगितला. माजघराचे छप्पर होऊन वर काही उरेल एवढा तो होता. त्यांनी मला काहीही विचारले नव्हते. मी नुसते ‘बरं’ म्हटले असते तर मी खोटे बोललो असेही झाले नसते. हा विचार माझ्या मनात आला, आणि बराच वेळ राहिला. मग मी म्हणालो, “हा जुना नाही. मी लंडनला दाखवून आलो आहे.”

ते हसले आणि त्यांनी आकडा वाढवला.

माझ्या लक्षात आले, की मी भाव चढवतो आहे असे त्यांना वाटते आहे. मी बुडाचे कडे दाखवले, रंगाचा सपाटपणा दाखवला, रंग न भरलेले पान दाखवले. जितके दाखवीत गेलो तितका त्यांचा संशय वाढत गेला. शेवटी द्यायचा नसेल तर स्पष्ट सांगा, असे काहीशा रागाने म्हणून ते उठले. चहा तसाच राहिला.

बाबा पडवीत बसून सारे ऐकत होते. लंडनची हकीकत मी त्यांना तोवर सांगितलेली नव्हती. पाहुणे गेल्यावर ते आत आले.

“म्हणजे हा पाचशे वर्षांचा नाही?”

“नाही. शंभराच्या आतबाहेर.”

“माझ्या आजाच्या वेळचा,” बाबा म्हणाले. थोडा वेळ वाडगा हातात धरून त्यांनी तो परत फडताळात ठेवला. “मग घरात असू दे.”

पुढच्या वर्षी, आणखी एका कराराच्या कमाईवर, माजघराचे वासे, रिपा आणि बरीचशी कौले नवी झाली. मृगाचा पहिला जोराचा पाऊस रात्री आला. आम्ही तिघेही जागे होतो आणि आढ्याकडे पाहत पडलो होतो. कौलांवर पाऊस धो धो कोसळत होता, पागोळ्या अंगणात पडत होत्या, घरात मात्र कोठे थेंब नव्हता. बऱ्याच वेळाने आई अंधारात म्हणाली, “आज तुझा वाडगा वाजत नाही रे.”